ऑगस्टमध्ये कॅम्पस सुरू होतंय, तयारी कुठून धरू? थर्ड इयरच्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: सोलापूर जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनीअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, तिथून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. एम-थ्रीची (गणिताच्या तिसऱ्या पेपरची) केटी लागली होती, म्हणजे तो विषय राहिला होता, तो आता निघाला. ऑगस्टपासून कॅम्पससाठी, म्हणजे कॉलेजातूनच नोकरीसाठी मुलं निवडायला, कंपन्या यायला लागतील. भाषा कोणती धरू, डीएसए (डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम) किती करू, इंग्रजी आडवं येईल का, बाँडवाली (ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायला लावणारी) कंपनी घ्यावी का, आणि पहिलीच ऑफर वर्षाला साडेतीन लाखांच्या आतबाहेरची आली तर घ्यावी की थांबावं?

मी पुण्यात डेव्हलपर म्हणून काम करते आणि कॅम्पसच्या हंगामात कंपनीकडून पॅनेलवर बसते. त्यामुळे टेबलाच्या पलीकडून काय दिसतं तेवढं सांगते. तुझ्या प्रश्नांचा क्रम थोडा बदलते, कारण ज्या गोष्टीवर मुलं सगळ्यात जास्त गळतात ती तू विचारलेलीच नाहीस.

आधी केटीचं बोलून टाकू. डिप्लोमाहून आलेल्यांना एम-थ्री जड जातं, कारण पहिल्या वर्षाचं गणित झालेलंच नसतं. पॅनेलवरच्या महाराष्ट्रातल्या प्रत्येकाला हे माहीत असतं. बहुतेक कंपन्यांची अट ‘सध्या एकही विषय राहिलेला नसावा’ अशी असते. निघालेली केटी तिथे आड येत नाही. काही कंपन्या मात्र ‘कधीच बॅकलॉग (राहिलेला विषय) नसावा’ असं लिहितात, म्हणून टीपीओची, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याची नोटीस शेवटच्या ओळीपर्यंत वाच. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्के ही अट बऱ्याच ठिकाणी असते. सीजीपीएचे टक्के तुझ्या विद्यापीठाच्या सूत्रानेच काढ. ५९.६ आले तर फॉर्ममध्ये ६० लिहू नकोस. रुजू होताना आणि पुढे पडताळणीत मार्कशीट तपासल्या जातात, आणि हातातली नोकरी तिथे जाते. मुलाखतीत केटीबद्दल विचारलं तर सरळ सांग: डिप्लोमाहून आले, पहिल्या वर्षाचं गणित नव्हतं, ते शिकून पेपर काढला. एवढं पुरतं.

आता न विचारलेली गोष्ट. मुलाखत ही फार पुढची पायरी आहे. सगळ्यात मोठी चाळणी ऑनलाइन टेस्टची असते, आणि तिथे तुला कुणी पाहतही नसतं. चांगलं कोडिंग येणारी मुलंसुद्धा ॲप्टिट्यूडमध्ये बाहेर पडतात, कारण ‘ते काय, शाळेचंच गणित’ म्हणून हातच लावलेला नसतो. शाळेचंच असतं हे खरं, पण एकेका प्रश्नाला मिनिटभर मिळतं. शेकडेवारी, गुणोत्तर, काळ-काम, वेग-अंतर, क्रमपर्याय, संभाव्यता, तक्ते वाचणं, बैठकव्यवस्थेची कोडी. रोज अर्धा तास, घड्याळ लावून, आतापासून. यापेक्षा जास्त त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त ते जुलैपर्यंत लांबवू नकोस.

या टेस्टबद्दल एक गोष्ट कॉलेजात कुणी नीट सांगत नाही. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांत (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या) एकाच भरतीतून वेगवेगळ्या पगाराची माणसं निवडली जातात. टीसीएसच्या नॅशनल क्वालिफायर टेस्टमधून निंजा, डिजिटल आणि प्राइम अशा तीन पातळ्यांवर निवड होते. गेल्या काही वर्षांत निंजाला वर्षाला साधारण ३.३६ लाख आणि डिजिटलला ७ लाखांच्या आसपास मिळत आले आहेत, प्राइमला त्याहून वर. इन्फोसिसमध्ये सिस्टिम इंजिनीअरला साधारण ३.६ लाख, तर स्पेशालिस्ट प्रोग्रामरला ९ लाखांच्या वर. म्हणजे कंपनी तीच असून पगार दुप्पट किंवा त्याहून जास्त. फरक पडतो तो मुख्यतः टेस्टच्या पुढच्या विभागातल्या कोडिंगच्या प्रश्नांवर. ‘आमच्या कॉलेजात मोठ्या कंपन्या येत नाहीत’ हे बऱ्याचदा खरं असतं, पण ही वरची पातळी तुझ्या कॉलेजातूनही खुली आहे. म्हणून पहिला भाग पास होण्यापुरता आणि कोडिंग जीव तोडून, अशी वाटणी कर.

कॅपजेमिनीसारख्या ठिकाणी सूडोकोडचा वेगळा भाग असतो: कोणत्याही ठरावीक भाषेत नसलेला, साध्या पायऱ्यांत लिहिलेला कोड वाचून त्याचं उत्तर सांगायचं. त्यासाठी नवीन काही शिकावं लागत नाही. कागदावर रकाने आखायचे, प्रत्येक व्हेरिएबलला एक रकाना, आणि लूपच्या प्रत्येक फेरीला किंमती लिहीत जायच्या. बिटवाइज ऑपरेटर आणि रिकर्शन हे दोन प्रकार हमखास असतात. डोक्यात करायला गेलीस की चुकतेस, कागदावर केलंस की पैकीच्या पैकी येतात.

डीएसए किती, याचं उत्तर विषयांच्या यादीने देता येईल: ॲरे, स्ट्रिंग, हॅशिंग, टू पॉइंटर, बायनरी सर्च, स्टॅक, क्यू, लिंक्ड लिस्ट, रिकर्शन, ट्रीचं ट्रॅव्हर्सल, बीएफएस आणि डीएफएस. वरच्या पॅकेजसाठी डायनॅमिक प्रोग्रामिंगची तोंडओळख. पण यादीने फसगत होते. तीनशे-चारशे प्रश्न सोडवल्याचं रेझ्युमेवर लिहिलेली मुलं माझ्यासमोर एका सोप्या प्रश्नावर अडकतात, म्हणून तो प्रश्न इथे उघडून दाखवते.

मी बहुतेक वेळा सुरुवात अशी करते: ॲरेमधली दुसऱ्या क्रमांकाची मोठी संख्या काढ. लगेच उत्तर येतं, ‘सॉर्ट करायचं आणि शेवटून दुसरी घ्यायची.’ मी कागदावर ९, ४, ९, २ लिहिते. सॉर्ट केल्यावर २, ४, ९, ९. शेवटून दुसरी ९. हेच उत्तर हवं होतं का, की ४? खरं तर हा प्रश्न उमेदवाराने मला आधी विचारायला हवा होता: ‘मॅडम, एकच संख्या दोनदा आली तर काय धरायचं?’ जो हे विचारतो त्याच्याबद्दल माझं मत तिथेच चांगलं होतं. कामावरही रोज हेच करायचं असतं, अर्धवट सांगितलेली गरज विचारून पूर्ण करून घ्यायची.

वेगवेगळ्या संख्या धरायच्या ठरल्या, तर मी म्हणते, सॉर्ट न करता एकाच फेरीत कर. मग दोन व्हेरिएबल येतात, मोठी आणि दुसरी, आणि दोन्हींची सुरुवात शून्याने होते. मी –५, –२, –८ देते. प्रोग्राम सर्वांत मोठी संख्या शून्य सांगतो, आणि शून्य तर ॲरेत नाहीच. ती दुरुस्ती झाली की ३, ८ देते. आठ आल्यावर ‘मोठी’मध्ये आठ जातो, पण आधीचा तीन ‘दुसरी’मध्ये सरकवायचा राहून जातो. तो सरकवला की १०, ७ देते. इथे सात हा दहापेक्षा लहान आहे, म्हणून पहिली अट त्याला आत घेतच नाही. त्याच्यासाठी वेगळी अट हवी. शेवटी ७, ७, ७. आता काय परत करणार? इथे एकच बरोबर उत्तर नाही. काहीतरी ठरवायचं आणि का ठरवलं ते सांगायचं.

हा सगळा प्रकार दहा मिनिटांचा आहे. प्रत्येक वळणावर उमेदवार चुकला तरी माझी हरकत नसते. मी बघते ते एवढंच, की उदाहरण दिल्यावर त्याला स्वतःची चूक स्वतः सापडते का, की तो मान वर करून माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधतो. पाठ केलेला कोड लिहिणारा पहिल्याच बदलाला थांबतो. ज्याने थोडेच प्रश्न सोडवले पण प्रत्येकाला स्वतः उलटसुलट उदाहरणं देऊन पाहिलीत, तो हळू का होईना पुढे जात राहतो. माझं ठाम मत असं आहे की चारशे पाहिलेल्या उत्तरांपेक्षा दीडशे स्वतः झगडून सोडवलेले प्रश्न जास्त कामाचे. सोडवलेला प्रश्न आठवड्याने कोऱ्या पानावर पुन्हा लिहून बघ. रिकामा ॲरे, एकच घटक, सगळे सारखे, ऋण संख्या, हे चार इनपुट प्रत्येक वेळी दे.

टेस्टमध्ये आणखी एक सवय कामी येते: प्रश्न वाचायच्या आधी इनपुटची मर्यादा वाच. एन, म्हणजे इनपुटमधल्या घटकांची संख्या, एक लाखापर्यंत असेल आणि तू लूपमध्ये लूप लिहिलास, तर एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे एक हजार कोटी पायऱ्या. साधं मशीन सेकंदाला दहा कोटींच्या आसपास सोप्या पायऱ्या करतं असं धर, म्हणजे शंभर सेकंद. वेळ मिळतो एक-दोन सेकंद. सॉर्ट केलंस तर लाख गुणिले सतरा, म्हणजे सतरा लाख, सहज बसतं. एन फक्त हजार असेल तर लूपमध्ये लूप खुशाल लिही. कोणती पद्धत अपेक्षित आहे हे ती एक ओळच सांगते.

भाषा कोणती? जिच्यात तू न बघता, ऑटोकम्प्लीटशिवाय चाळीस ओळी लिहू शकतेस ती. कोणतीच तशी नसेल तर जावा घे. पुण्यात बँकांच्या टेक्नॉलॉजी सेंटर्सपासून सर्व्हिस कंपन्यांपर्यंत जावाचं काम भरपूर आहे आणि ऑब्जेक्ट ओरिएंटेडचे प्रश्न तिच्यातून सहज विचारले जातात. दोन स्ट्रिंग डबल इक्वल्सने आणि इक्वल्सने तपासण्यात काय फरक, स्ट्रिंग बदलता का येत नाही, हॅशमॅपमध्ये स्वतःचा क्लास की म्हणून ठेवायचा तर इक्वल्ससोबत हॅशकोड का लिहावा लागतो, एवढं नीट समजून घे. पायथॉन आवडत असेल तर तेही चालेल, पण मग लिस्ट आणि टपल, डिक्शनरी आतून कशी चालते, हे यायला हवं. दोन्ही अर्धवट नकोत.

एआयचं स्पष्टच सांगते, कारण त्यावर हल्ली फार गोंधळ आहे. चॅटजीपीटीला ‘हे समजावून सांग’, ‘माझ्या कोडला अडवणारं इनपुट दे’ असं विचार, चांगला शिक्षक मिळेल. उत्तर मागितलंस तर ऑगस्टमध्ये हात रिकामे राहतील. टेस्टमध्ये कॅमेरा असतो, टॅब बदलल्याची नोंद होते, कोड एकमेकांशी ताडून पाहिले जातात. ऑनलाइन मुलाखतीत शेजारच्या स्क्रीनवरून वाचणारा माणूस आम्हाला कळतो: प्रत्येक उत्तराआधी तेवढाच थांबा, मग पुस्तकी इंग्रजी, आणि ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ म्हटलं की शांतता. पॅनेलला शंका आली की त्या मुलाचं खरं कौशल्यही कुणी बघत नाही. काही कंपन्या शेवटच्या फेऱ्या पुन्हा समोरासमोर घेऊ लागल्या आहेत ते यामुळेच.

आता प्रोजेक्ट. माझ्या मते लहान कॉलेजातल्या विद्यार्थिनीला उजवं ठरायची सगळ्यात चांगली संधी इथे असते, आणि नेमकी इथेच ती वाया घालवली जाते. चेहरा ओळखून हजेरी, चॅटबॉट, शेअरबाजाराचा अंदाज, लायब्ररी मॅनेजमेंट: प्रत्येक कॉलेजातून हेच येतात, आणि बरेचसे विकत घेतलेले असतात. विकतचा प्रोजेक्ट दोन प्रश्नांत उघडा पडतो. पासवर्ड डेटाबेसमध्ये कसा ठेवलास? शेवटची एकच जागा उरली असताना दोघांनी एकाच क्षणी बुक केली तर?

एका मुलीने दूध संकलन केंद्राचा प्रोजेक्ट आणला होता. दिसायला अगदी साधा. सकाळ-संध्याकाळ लिटर आणि फॅट भरायचं, दरपत्रकावरून रक्कम, दहा दिवसांनी शेतकऱ्याचं बिल. घरी गोठा असल्याने गरज तिला माहीत होती. मी विचारलं, दहा दिवसांच्या मध्येच दूध संघाने दर बदलला तर जुनी बिलं बदलतील का? ती म्हणाली, ‘नाही मॅडम, आधी बदलत होती. मग प्रत्येक नोंदीबरोबर त्या दिवसाचा दरही साठवायला लागले.’ माझ्या सहकाऱ्याने विचारलं, रकमेसाठी कोणता डेटा टाइप? सुरुवातीला फ्लोट होता, बेरजेत पैशांचा फरक पडायला लागला, म्हणून डेसिमल केला. संगणकात ०.१ आणि ०.२ यांची फ्लोटमधली बेरीज नेमकी ०.३ येत नाही, हे तिला पुस्तकातून कळलं नव्हतं, बिलाचा हिशेब जुळेना तेव्हा कळलं होतं. तिचं इंग्रजी अडखळत होतं. आम्ही दोघांनीही तिच्या नावापुढे ‘घ्या’ असंच लिहिलं.

तुझ्या आसपास असं काय आहे ते शोध. मेसचा हिशेब, किराणा दुकानाची उधारी, बचत गटाचे हप्ते, ऊसतोडीच्या उचली. एकच प्रोजेक्ट, पण खरं कुणीतरी वापरतंय असा. गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) रोजच्या रोज कमिट कर, म्हणजे त्या दिवसाचा बदल नोंदव. अख्खा प्रोजेक्ट एकाच रात्री एका कमिटमध्ये आलेला दिसला की आम्हाला लगेच समजतं. पासवर्ड बीक्रिप्टसारख्या पद्धतीने हॅश करून (मूळ शब्द परत काढता येणार नाही असा बदलून) ठेव, आणि ते का, हे तोंडपाठ नको, समजलेलं हवं. रेझ्युमे एका पानाचा. त्यावरचा प्रत्येक शब्द म्हणजे ‘मला यावर विचारा’ असं निमंत्रण असतं, तेव्हा दोन तासांच्या वेबिनारचं ‘मशीन लर्निंग’ काढून टाक.

डीबीएमएसकडे (डेटाबेसच्या विषयाकडे) मुलं दुर्लक्ष करतात आणि फ्रेशरच्या मुलाखतीत एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, जवळजवळ नेहमीच असतं. मी विचारते: प्रत्येक विभागात किती कर्मचारी आहेत ते दाखव, ज्या विभागात एकही नाही तोही दिसला पाहिजे. दोन टेबलं जोडणारा साधा जॉइन घेतला की रिकामा विभाग गायब होतो, म्हणून लेफ्ट जॉइन. इथपर्यंत बरेच जण येतात. मग काउंट स्टार लिहितात, आणि रिकाम्या विभागापुढे शून्याऐवजी एक येतो, कारण लेफ्ट जॉइनने त्या विभागासाठी एक ओळ तयार केलेली असते आणि स्टार ओळी मोजतो. कर्मचाऱ्याचा आयडी मोजला तर तिथे नल (रिकामी जागा) असल्याने शून्य येतो. हे वाचून लक्षात राहणार नाही. आज रात्री मायएसक्यूएलमध्ये दोन टेबलं करून चालवून बघ. त्याबरोबर इंडेक्सने वाचणं जलद आणि लिहिणं थोडं मंद का होतं, ट्रान्झॅक्शन म्हणजे काय (पैसे एका खात्यातून गेले आणि दुसऱ्यात पोचलेच नाहीत तर?), प्रोसेस आणि थ्रेड, डेडलॉक, ब्राउजरमध्ये पत्ता टाकल्यावर पान येईपर्यंत काय काय घडतं. सर्व्हिस कंपनीच्या पहिल्या नोकरीसाठी थिअरी एवढी पुरते.

इंग्रजीची भीती मी समजू शकते, पण तिचं खरं कारण वेगळं असतं. आम्ही उच्चारांना गुण देत नाही. अडचण येते ती उमेदवार गप्प बसला की. डोक्यात बरोबर विचार चालू असतो, पण वाक्य जुळेना म्हणून तो बोलत नाही, आणि आम्हाला वाटतं याला येत नाही. यावर मला माहीत असलेला उपाय म्हणजे तीन गोष्टी रोज मोठ्याने बोलणं: स्वतःची ओळख, प्रोजेक्ट, आणि तू स्वतः शोधून काढलेली एक चूक. आधी मराठीत बोल, कारण मराठीतही सलग सांगता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाहीच, गोष्ट अजून नीट समजलेली नाही. मग तेच छोट्या छोट्या इंग्रजी वाक्यांत. फोनवर रेकॉर्ड करून ऐक. प्रश्न सोडवतानाही ‘आधी साधी पद्धत सांगते, मग सुधारते’ असं इंग्रजीत म्हणायची सवय लाव. विचार करायला मिनिटभर मागून घेणं अगदी चालतं. ॲक्सेंचरसारख्या कंपन्यांत संवादाची एक चाचणी संगणकच घेतो, वाक्य ऐकून तसंच म्हणायचं वगैरे. तिथे मात्र चांगला माइक आणि शांत खोली लागते. हॉस्टेलच्या गोंगाटात ती देऊ नकोस, टीपीओकडे लॅब माग.

आता पैसे आणि कागद. सीटीसी (कंपनी तुझ्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च) आणि हातात येणारा पगार यातला फरक घरच्यांनाही समजावून सांग, नाहीतर पहिल्या महिन्यात सगळेच नाराज होतात. समजा सीटीसी ६ लाख आहे आणि मूळ वेतन त्याच्या निम्मं, म्हणजे ३ लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी ३६,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १४,४३०, हे सीटीसीतच धरलेले असतात. व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) ६०,००० आणि विम्याचा हप्ता ९,६०० धर. उरले ४,७९,९७०, म्हणजे महिन्याला जवळपास ४०,०००. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ ३,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण ३६,८०० येतात, पन्नास हजार नव्हे. काही कंपन्या पीएफ १५,००० मूळ वेतनावरच धरतात, मग १,८०० कापले जातात. महाराष्ट्रात स्त्रियांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही, सुरुवातीच्या पगारात तेही बघ. जॉइनिंग बोनस आणि ‘रिटेन्शन बोनस’ सीटीसीत मिसळून आकडा फुगवलेला असतो. दोन ऑफर समोर आल्या तर फक्त ठरलेला मासिक भाग एकमेकांशेजारी ठेवून बघ.

बाँडबद्दल सीनियर सांगतात की ‘कोर्टात टिकत नाही, सही कर.’ असं समजून सही करू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख रुपये भरायची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती आणि प्रत्येक बाँड त्याच मापाने मोजला जाईल असं नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवी असावी लागते. पण ‘टिकतच नाही’ हे खोटं. माझं मत विचारशील तर वर्षभराचा बाँड, खरोखरचं प्रशिक्षण आणि कमी रक्कम असेल तर घ्यायला हरकत नाही. दोन-अडीच वर्षं, मोठी रक्कम आणि वर मूळ मार्कशीट किंवा कोरा चेक ठेवून घेत असतील तर पाऊल मागे घे. आणि प्रशिक्षणाचे, नोंदणीचे, लॅपटॉपच्या डिपॉझिटचे म्हणून आधी तुझ्याकडूनच पैसे मागणाऱ्यांना उत्तरही देऊ नकोस. नोकरी देणारी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही.

साडेतीन लाखांची ऑफर आली तर घे. घरची परिस्थिती भक्कम असेल तर थांबण्याचा विचार करता येतो, पण थांबणाऱ्यांपैकी बरेच जण ‘मोठी कंपनी येईल’ म्हणत जानेवारीपर्यंत येतात, आणि तोवर भरती आटलेली असते. आधी कॉलेजचं धोरण वाच: बहुतेक ठिकाणी एक विद्यार्थी एक नोकरी असतं, पण ठरावीक पॅकेजच्या वरची ‘ड्रीम’ कंपनी आली तर पुन्हा बसता येतं. ती रेषा कुठे आहे ते टीपीओकडून लेखी समजून घे.

ऑफर लेटर मिळालं म्हणून अभ्यास बंद करू नकोस, हे मी कळकळीने सांगते. २०२२ च्या बॅचमधल्या इन्फोसिसच्या अनेक मुलांना रुजू व्हायला दोन वर्षांहून जास्त वाट पाहावी लागली. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने ६.५ लाखांची ऑफर दिलेल्या फ्रेशर्सना ३.५ लाखांवर येणार का, असं विचारलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षा तीन प्रयत्नांत पास न झाल्याने जावं लागलं. ही वाईट कंपन्यांची यादी नव्हे, मंदीच्या काळात असं कुठेही होतं. ज्यांचा सराव चालू होता त्यांनी त्या वाट पाहण्याच्या काळात दुसरं काम धरलं. ज्यांनी लॅपटॉप बंद करून ठेवला होता ते परीक्षेलाही अडले आणि दुसरीकडेही.

रुजू झाल्यावर कोणत्या प्रोजेक्टवर टाकतात ते तुझ्या हातात पूर्ण नसतं. सपोर्ट किंवा मॅन्युअल टेस्टिंग आलं तर सहा महिने मन लावून कर, पण मॅनेजरला पहिल्यापासून सांगत राहा की मला डेव्हलपमेंट करायचं आहे, आणि तिथलं एखादं हाताने केलं जाणारं काम स्क्रिप्टने करून दाखव. अशा छोट्या कामातून आत बदली झालेली बरीच मंडळी माझ्या ओळखीची आहेत.

डिसेंबरपर्यंत काहीच हाती लागलं नाही, तर जानेवारी ते जूनमध्ये पूल कॅम्पस (अनेक कॉलेजांची एकत्र भरती) असतात, बाहेरून देता येणाऱ्या टेस्ट असतात, आणि पुण्यात बाणेर, बावधन, खराडीकडे वीस-पंचवीस माणसांच्या कंपन्या असतात ज्या कॅम्पसला कधीच येत नाहीत. शेवटच्या सेमिस्टरला सहा महिन्यांची इंटर्नशिप त्यांच्याकडे मिळू शकते. तिथे एचआरच्या पत्त्यावर रेझ्युमे पाठवून फारसं होत नाही. कंपनीतल्या एखाद्या इंजिनीअरला लिंक्डइनवर चार-पाच ओळी लिही: मी कोण, काय बनवलं, ते कोण वापरतं, त्यात कोणती अडचण आली आणि ती कशी सोडवली. खाली प्रोजेक्टची लिंक दे. ‘रिस्पेक्टेड सर’पासून सुरू होणारा अर्ध्या पानाचा अर्ज नको. आणि पाठवण्याआधी ती लिंक दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर, त्यांच्या इंटरनेटवर उघडून बघ. फुकटच्या सर्व्हरवरचे प्रोजेक्ट वापर नसला की झोपलेले असतात आणि पहिलं पान यायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ कुणी थांबत नाही.